तीन वाजताचं टपाल

आमच्या तुरुंगात बावीस बंदी, नऊ माणसांचा स्टाफ आणि एक मांजर. सरकारने मांजर सोडून सगळं ताब्यात घेतलं.

तोवर गावोगावचे तुरुंग त्या त्या नगरपालिकेकडे असायचे. छप्पर गळलं तर नगरपालिकेला पत्र, कुलूप मोडलं तर नगरपालिकेला पत्र, आणि उत्तर दोन्हींना नाही. मग वर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की हा पसारा एकाच खात्याखाली आणावा. एकतीस तुरुंग बंद, त्यांच्या जागी तीन मोठे. आणि तुरुंग म्हणायचं नाही, सुधारगृह म्हणायचं. आमचे जेलरसाहेब निवृत्तीला आलेले, स्वभावाने गरीब. परिपत्रक दोनदा वाचून मला म्हणाले, "बाई, म्हणजे एवढी वर्षं आपण चालवत होतो ते काय होतं?" मी म्हटलं, "धर्मशाळा." त्यावर ते हसले नाहीत.

मी बायकांच्या बराकीची. सव्वीस वर्षं झाली. बराक म्हणायची आपली पद्धत, नाहीतर ती एक खोली होती, चार खाटांची, आणि तिला लागून स्वयंपाकघर. बायका मला तोंडावर मावशी म्हणायच्या. पाठीमागे काय म्हणायच्या तेही मला ठाऊक आहे, आणि त्यातलं निम्मं खरं आहे. माझी जीभ तिखट आहे. पण एकीवरही मी कधी हात उचलला नाही, आणि कुणाला उपाशी झोपू दिलं नाही.

त्यातली एक टपालीण. हे काही तिचं खरं नाव नव्हे. बराकीत पडलं आणि चिकटलं. का पडलं ते सांगते.

तिला सात वर्षांची शिक्षा होती. नवऱ्याला जिन्यावरून ढकललं, दोन दिवसांनी तो गेला. कोर्टात तिने एक शब्द फिरवला नाही. "त्याने माझ्या बाबांच्या अंगावर उकळतं पाणी ओतलं, मी त्याला ढकललं," एवढंच. कोर्ट म्हणालं, पाण्याचा खटला वेगळा, हा वेगळा. पाण्याचा खटला अर्थातच कुणी भरला नाही. ओतणाराच मेला म्हटल्यावर भरणार कोणावर?

तिचे बाबा पोस्टमन होते. अडतीस वर्षं एकच बीट, एकच रस्ते. निवृत्त झाले आणि हळूहळू डोकं दगा देऊ लागलं. जेवण झालं की नाही ते आठवेना, बायको जाऊन नऊ वर्षं झाली तेही आठवेना. पण पाय शाबूत. पायांना सगळं आठवायचं. लेक तुरुंगात गेली तेव्हापासून ते त्यांच्या बहिणीकडे राहायचे, म्हणजे टपालिणीच्या आत्याकडे. आत्या गुडघ्यांनी जायबंदी, त्यांच्यामागे कुठे धावणार? ते दुपारी घरातून निघायचे आणि जुन्या बीटवर चालत सुटायचे. आधी बाजारपेठ, मग शाळा, मग दवाखाना, आणि सगळ्यात शेवटी तुरुंग. तीन वाजता.

आता गंमत बघा. आमचं स्वयंपाकघर म्हणजे पूर्वीचं ऑफिस. मागच्या गल्लीत उघडणारी त्याची गजांची खिडकी, तिथेच पूर्वी कारकून टपाल घ्यायचा. तेव्हा म्हातारबुवा फाटकाकडे कशाला जातील? ते सरळ खिडकीशी आले.

मी तिथेच होते. टपालीण नवीन, आठवडाही झाला नव्हता, खाली बसून बटाटे सोलत होती. गजांतून एक हात आत आला. हातात चपलांच्या दुकानाची जाहिरात. "टपाल!"

टपालिणीने मान वर केली. "बाबा?"

म्हातारबुवांनी गजांना नाक लावून पाहिलं आणि चेहरा असा फुलला, की काय सांगू. "अगं! तू इथे कामाला लागलीस? बोलली नाहीस ती! सरकारी आहे ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. आता मी काय बोलणार? म्हटलं, "सरकारीच आहे, काका. पक्की नोकरी. सात वर्षं कुणाचा बाप काढू शकत नाही."

बाकीच्या तिघी जणी पदर तोंडात कोंबून हसल्या. मग त्यातलीच एक रडायला लागली, आणि मग सगळ्याच. म्हातारबुवा मात्र ताठ मानेने गल्लीतून परत गेले. लेकीला सरकारी नोकरी लागली होती ना!

त्या दिवसापासून रोज. रविवार सोडून, कारण रविवारी टपाल नसतं. स्वतःच्या बायकोचं मरण विसरलेला माणूस, पण रविवार विसरला नाही. रस्त्यात जो कागद मिळेल तो उचलायचे, झटकायचे, घडी घालायचे आणि तीन वाजता लेकीच्या हातात द्यायचे. क्लासची जाहिरात, हरवलेल्या कुत्र्याचं पत्रक, कुणाचं तरी विजेचं बिल. "मिळाल्याची तारीख टाक," असं बजावायचे. ती पेन्सिलीने तारीख टाकायची आणि कागद उशाखाली ठेवायची. मग दोघं गजांच्या अल्याडपल्याड बसून अर्धा तास बोलत. तो मसाल्याचा रिकामा खोका मीच बाहेर ठेवला होता, त्यांना बसायला. "साहेब चांगला आहे का तुझा?" ते विचारत. "जेवायची सुट्टी देतो ना?" ती म्हणे, "देतो, बाबा. मावशी तर फारच चांगल्या आहेत." मी चुलीकडे तोंड करून उभी राहायचे.

नियम? नियम होता की. महिन्याला दोन भेटी, पंधरा पंधरा मिनिटांच्या, पुढच्या फाटकातून. ओळखपत्र दाखवायचं, रजिस्टरमध्ये नाव, नातं, कारण, सही. एकदा आम्ही तसंही करून पाहिलं. फाटकावरच्या हवालदाराने त्यांना रीतसर विचारलं, कुणाला भेटायचंय, काय नातं, कशासाठी. म्हातारबुवा भेदरले. खांद्यावर नसलेली पिशवी चाचपायला लागले. "माझी पिशवी कुणी घेतली? माझं टपाल कुणी घेतलं?" भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडले. हवालदार बिचारा स्वतःच रडकुंडीला आला.

तेव्हा मी ठरवलं, फाटक नको, खिडकीच बरी. आणि लिहायचं काहीच नाही. हवालदार म्हणाला, "ताई, महिन्याच्या दोन तरी दाखवू या. सही मी घेऊन येतो खिडकीशी." मी म्हटलं, "अरे वेड्या, दोन लिहिल्या की तिसरी गुन्हा होते. एकही लिहिली नाही तर मोजणार कोण? झाकली मूठ राहू दे." हे मी म्हटलं. माझ्या ह्याच तोंडाने म्हटलं, आणि वर माझ्या हुशारीचं मलाच कौतुक. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

जेलरसाहेबांना ठाऊक होतं. तीन वाजले की ते पुढच्या अंगणात कुंड्या बघायला जायचे. तीन वर्षं त्यांनी त्याच चार कुंड्या बघितल्या.

मग आलं ते एकत्रीकरण.

खात्याने एक मॅडम पाठवल्या. तरुण, नीटनेटक्या, बोलायला गोड. हातात टॅब. मी मनातून तयारीत होते, की ही कानामागून आलेली तिखट असणार. पण तशी नव्हती ती. बंद्यांशी अहो-जाहो करायची. मांजरीलासुद्धा बाजूला सरकवताना "सॉरी" म्हणाली. तिने आम्हाला बसवून समजावलं. एक नंबरचं सुधारगृह इथून बसने दीड तास. दोन नंबरचं अर्धा दिवस. तीन नंबरचं राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वाटेत एक मुक्काम करावा लागतो. कुणी कुठे जायचं ते साहेबाच्या मर्जीवर नाही, गुणांवर. वागणुकीचे गुण, तब्येतीचे गुण, उरलेल्या शिक्षेचे गुण, आणि घरच्यांशी संपर्काचे वीस गुण. साठच्या वर गेला त्याला एक नंबर, कारण ज्याचं माणूस भेटायला येतं त्याला लांब टाकू नये.

मला हे ऐकून इतका आनंद झाला! खरंच सांगते. म्हटलं, चला, वर कुणाला तरी अक्कल आहे. तीन वर्षं रोज बाप येतोय, हिला नाही तर कुणाला एक नंबर मिळणार? त्यात माझी बदलीही एक नंबरलाच ठरलेली. स्टाफची बस आमच्या चौकातून सुटणार होती. मी त्याच दिवशी आत्यांच्या घरी जाऊन सगळं पक्कं करून आले. दर शनिवारी मी म्हातारबुवांना सोबत न्यायचं आणि संध्याकाळी घरी आणून सोडायचं. त्यांना काय सांगायचं तेही ठरवलं, की लेकीचं ऑफिस मोठ्या इमारतीत हललंय. टपालीण त्या दिवशी पहिल्यांदा गाणं गुणगुणली. बेसूर गुणगुणली, पण गुणगुणली.

पंधरा दिवसांनी यादी लागली. टपालीण, गुण अठ्ठेचाळीस. सुधारगृह क्रमांक तीन.

मी यादी हातात घेऊन तशीच मॅडमकडे गेले. "हे चुकलंय."

त्यांनी टॅबवर बोट फिरवलं. "वागणूक, वीसपैकी वीस. फार छान आहे." मग थांबल्या. "घरच्यांशी संपर्क, शून्य. तीन वर्षांत एकही भेट नाही. पत्र नाही, फोन नाही."

"अहो, तिचे वडील रोज येतात!"

"नोंद कुठाय?"

मी हातातल्या यादीची घडी घातली.

"बाई," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "जिला भेटायला कुणीच येत नाही, तिला कुठेही ठेवलं तरी फरक पडत नाही, असं धरून चालतो आम्ही. म्हणजे जवळची जागा ज्याला गरज आहे त्याला मिळते."

फरक पडत नाही म्हणे! आणि मॅडमचं तरी काय चुकलं? तिच्यापुढे रजिस्टर होतं आणि रजिस्टर कोरं होतं. ते कोरं मी ठेवलं होतं.

हवालदार म्हणाला, "ताई, रजिस्टर माझ्या ताब्यात आहे. दोन दिवसांत मागच्या सगळ्या भेटी भरून टाकतो. शाई वेगवेगळी वापरू." तोही वेडा आणि मीही, क्षणभर हो म्हणणार होते. मग जेलरसाहेबांनी सांगितलं, की रजिस्टरच्या पानन् पानाचे फोटो गेल्या महिन्यातच खात्याकडे गेलेत. आता लिहिलं तर हवालदाराची नोकरी जाईल आणि पोरीचं काही भलं होणार नाही. वरातीमागून घोडं.

टपालिणीला मीच सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला सहन झालं नसतं. ती भांडली नाही, ओरडली नाही. हातातलं भांडं घासत राहिली, मग नळ बंद केला.

"महिन्याच्या दोन तरी लिहायच्या होत्यात, मावशी," ती म्हणाली.

बस्स. तीन वर्षांत ती मला उलटून बोलली ते एवढंच. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठले ती ठरवूनच. म्हटलं, खरं काय ते सांगून टाकायचं. चूक माझी, भोगायची ती मी भोगेन. आणि पुरावा होताच की! उशाखाली नऊशेच्या वर कागद, प्रत्येकावर तारीख. टपालीण द्यायला तयार नव्हती. "मावशी, एवढंच आहे माझ्याकडे," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, ह्यानेच तुझं काम होणार आहे. दुपारी परत आणून देते." तिने सुतळीने बांधलेले पाच गठ्ठे माझ्या हातात दिले. माझ्यावर विश्वास ठेवून दिले.

मॅडमच्या टेबलावर मी गठ्ठे मांडले आणि सगळं लिहून दिलं. खिडकी, तीन वाजता, अर्धा तास, रविवार सोडून रोज, नोंद न करण्याचा निर्णय माझा. खाली सही केली. मॅडम किती तरी वेळ ते कागद चाळत होत्या. कुत्र्याचं पत्रक, चपलांची जाहिरात, तारीख, तारीख, तारीख. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला पटतंय, बाई," म्हणाल्या. "मला अगदी पटतंय."

मला वाटलं, जिंकलं.

त्यांनी टॅब जवळ ओढला. वर केलं, खाली केलं. "पण संपर्काच्या रकान्यात फक्त नोंदणीकृत भेट घेता येते. खिडकीतली भेट भरायला जागाच नाही." परत खाली केलं. तिथे त्यांचं बोट थांबलं. चेहरा उतरला. "ह्यासाठी वेगळा रकाना आहे. अनधिकृत संपर्क. आणि हे कागद... बराकीत बाळगलेल्या अनधिकृत वस्तू."

"मग राहू द्या," मी म्हटलं. "आणा ते इकडे. मी काही दिलंच नाही असं समजा."

"तुम्ही लेखी दिलंत, बाई. सहीनिशी. आवक शिक्काही बसला." त्यांनी कागद वळवून शिक्का दाखवला. "मी नाही भरलं तर माझ्यावर येईल."

त्यांनी भरलं. वागणुकीच्या वीसचे सहा झाले. अठ्ठेचाळीसचे चौतीस. तीन नंबर तर होताच, आता वर कडक विभाग. नऊशे सतरा कागद मोजून गोणीत भरले, गोणीला लाख लावली. माझी चौकशी लागली, आणि ती संपेपर्यंत एक नंबरची बदली रद्द. तोवर मी ह्याच रिकाम्या इमारतीची राखण करायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. फरक इतकाच, की हात मी दाखवला आणि अवलक्षण पोरीच्या कपाळी आलं.

दुपारी मी तिच्याकडे रिकाम्या हाताने गेले. तिने उशी उचलून खालची जागा हाताने साफ केली आणि उशी परत ठेवली.

गाडी मंगळवारी आली, दुपारी बारा वाजता. एकला निघणार होती. मी ड्रायव्हरच्या हातापाया पडले, की बाबा रे, तीनपर्यंत थांब. तो म्हणाला, "मावशी, अंधाराच्या आत मुक्कामाला पोचलो नाही तर आत घेत नाहीत. माझ्या हातात असतं तर चारपर्यंत थांबलो असतो." चांगला माणूस होता. सगळेच चांगले होते. ह्या सगळ्या प्रकारात मला एक नालायक माणूस सापडला असता तर त्याच्या नावाने बोटं मोडून मी मोकळी झाले असते.

मग मी आत्यांच्या घरी धावत गेले. म्हटलं, म्हातारबुवांनाच लवकर आणते. ते निघायच्या तयारीतच होते, चपला घालत होते. मी म्हटलं, "काका, चला, आज आधी तुरुंगात. लेक वाट बघतेय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी त्यांना चोरी करायला सांगतेय. "आधी बाजारपेठ. मग शाळा. मग दवाखाना. मधली घरं सोडून मी शेवटचं टपाल आधी देऊ? अडतीस वर्षांत कधी केलं नाही ते."

"आजच्या दिवस, काका."

"माझी पोर आहे म्हणून तिचं टपाल आधी? लोक काय म्हणतील?"

मी हात धरला, तो त्यांनी झिडकारला. आत्यांनी समजावलं, रागावल्या. त्यांचं आपलं एकच, आधी बाजारपेठ. मी त्यांच्याबरोबर चालत निघाले, म्हटलं निदान भराभर नेते. पण प्रत्येक दारासमोर त्यांना थांबायचंच होतं. शाळेपाशी पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. मी त्यांना तिथेच सोडलं आणि पळत परत आले.

गाडी चालू होती. टपालीण जाळीच्या मागे बसलेली. मला एकटीला पाहिलं आणि तिला कळलं. तिने बोटभर राहिलेली पेन्सिल जाळीतून माझ्या हातात दिली. "ते आणतील कागद," म्हणाली. "तारीख टाकायची राहू देऊ नका." गाडी गेली. पुढच्या चौकातून वळताना ती दवाखान्यावरून गेली असणार. म्हातारबुवा तेव्हा तिथेच कुठेतरी असणार. एकमेकांना दिसले का, मला माहीत नाही.

तीन वाजता गजांतून हात आत आला. "टपाल!"

मी कागद घेतला. "काका, तिची बदली झाली."

मला भीती होती तसं काही झालं नाही. ते हसले. "सरकारी नोकरी म्हटली की बदली आलीच. बढती असेल?"

"हो," मी म्हटलं. "बढती."

"लांब आहे?"

"आहे जरा."

"मला भेटून नाही गेली." मग स्वतःच स्वतःला समजावलं, "ऑर्डर आली असेल. ऑर्डर आली की निघावं लागतं."

दुसऱ्या दिवशी परत तीन वाजता हात आत. "टपाल! पोर कुठाय?" परत सगळं पहिल्यापासून. बदली, बढती, भेटून नाही गेली. तिसऱ्या दिवशी तेच. रोज त्यांची लेक नव्याने जाते, आणि रोज मला त्यांचा चेहरा बघावा लागतो. चौकशीत मला काय शिक्षा व्हायची ती होवो. ही मला रोज तीन वाजता होते.

एकदा त्यांच्यातला पोस्टमन जागा झाला. "नवा पत्ता द्या, बाई. बदली झाली म्हणून टपाल थांबत नसतं. पुढे पाठवायचं असतं." मी पत्ता सांगितला, त्यांनी पाकिटावर लिहिला. काय अक्षर! एक काना इकडचा तिकडे नाही. आत त्या दिवसाचा कागद घातला, गाद्यांच्या दुकानाची जाहिरात. मागच्या बाजूला स्वतःचं नाव, नातं: वडील. परतीचा पत्ता मी इथलाच घातला. मी स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

अकरा दिवसांनी ते पाकीट परत आलं. नेमके म्हातारबुवा खिडकीशी असताना नवा पोस्टमन ते माझ्या हातात देऊन गेला. मी लपवायच्या आत त्यांनी आपलं अक्षर ओळखलं. गजांतून हात घालून पाकीट घेतलं आणि त्यावरचा जांभळा शिक्का वाचला. वाचायला त्यांना अजून छान येतं. "पाठवणारा बंद्याच्या मंजूर संपर्क यादीत नाही."

बंदी ह्या शब्दावर ते अडकतील म्हणून माझा जीव मुठीत. पण ते त्यावर अडकले नाहीत. त्यांना दुसरंच टोचलं.

"पत्ता बरोबर आहे," ते म्हणाले. "तिकीट बरोबर आहे. मग परत का?"

"यादीत तुमचं नाव नाही, काका. जुन्या भेटींवरून यादी केली. तुमच्या भेटींची नोंद नव्हती."

"नोंद नव्हती? मी तर रोज येतो. नोंद कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. "मी केली नाही."

ते उठून उभे राहिले. इतके ताठ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "किती वर्षं नोकरी झाली तुमची?"

"सव्वीस."

"सव्वीस वर्षं!" म्हातारबुवा गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले. "सव्वीस वर्षं नोकरी, आणि आलेल्याची नोंद करायची असते एवढं कळत नाही? लाज नाही वाटत? अहो, कुणीतरी वाट बघत बसलेलं असतं! तुमच्या आळसापायी त्या माणसाला वाटतं की आपलं कुणी नाहीच!"

मी खाली मान घालून उभी होते. आळस नव्हता काका, माया होती, असं ओठांवर आलेलं गिळलं. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

"आणा वही," ते म्हणाले. "आता तरी लिहा. माझ्यासमोर."

मी फाटकावरून भेटींचं जुनं रजिस्टर आणलं. ते कुणाला नको होतं, म्हणून इथेच राहिलं होतं. कोरी पानं भरपूर. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून मी तिच्या पेन्सिलीने लिहायला लागले. तारीख. वेळ तीन दहा. भेटायला आलेल्याचं नाव. नातं, वडील. ते गजांना कपाळ टेकून एकेक अक्षर बघत होते. मी थांबले तसं त्यांनी आत बोट घातलं आणि पानावर टेकवलं.

"हा रकाना राहिला, बाई," ते म्हणाले. "कुणाला भेटले?"